केस गळतायत? आधी कॅलेंडर उघडा

कऱ्हाडात माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. दिवाळी आटोपली की तिथे केस गळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांची गर्दी वाढते, डिसेंबरभर टिकते आणि संक्रांतीनंतर हळूहळू ओसरते. कुणी बोअरच्या पाण्याला दोष देतं, कुणी नव्या शाम्पूला, कुणी थंडीला. खरं कारण पावसाळ्यात घडून गेलेलं असतं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइडचे ताप घरोघरी असतात, आणि मोठ्या तापानंतर केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी. गणपतीत तापाने झोपलेल्या बाईचे केस दिवाळीच्या पुढेमागे हातात येतात. तोवर ताप ती विसरून गेलेली असते.

‘वेळीच इलाज करा’ असं सगळेच सांगतात, पण ती वेळ कोणती हे कुणी सांगत नाही. केस गळण्याचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाची वेळ निराळी. एका प्रकारात आठ दिवसांत डॉक्टर गाठायचा असतो, एकात याच वर्षी औषध सुरू करायचं असतं, आणि एकात फारसं काही न करता सहा महिने धीर धरायचा असतो. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण नेमकं उलटं करून आलेले असतात. धीर धरायचा तिथे हजारो रुपये घालवलेले, आणि धावत यायचं तिथे दोन-तीन वर्षं तेलं चोळलेली. तुमची गळती यातली कोणती, हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. ते कसं, ते सांगते.

तीन महिने मागे मोजा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि पुढे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. खालून नवा केस यायला लागला की तो गळतो. कोणत्याही दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास केस असे बसलेले असतात. म्हणजे दहा हजार केस शंभरेक दिवसांत गळणार, दिवसाला शंभर. ‘रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे’ असं आम्ही म्हणतो ते या हिशेबाने.

शरीराला मोठा धक्का बसला की वाढीला लागलेले बरेच केस एकदम थांबतात. दहाऐवजी तीस टक्के केस बसले तर दिवसाला तीनशे गळणार, पण तेही तीनेक महिने थांबूनच. म्हणून पहिलं काम हे की भिंतीवरचं कॅलेंडर काढा, गळती वाढली तो आठवडा आठवा आणि तिथून दोन ते तीन महिने मागे जा. त्या सुमाराला काय झालं होतं? ताप, बाळंतपण, गर्भपात, ऑपरेशन, अपघात, घरातला मृत्यू, कडक डाएट, एखादं नवं औषध, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं. बायकांना विचारलं की पहिलं उत्तर ‘काही नाही मॅडम’ हेच येतं. मग मागे उभ्या सासूबाई आठवण करून देतात, ‘अगं, चार दिवस सलाइन लावलं नव्हतं का?’ घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून बघा, त्याला नक्की आठवतं.

गळतीचा वेगही लिहून ठेवा. तीन महिन्यांपूर्वीच्या धक्क्याने केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात, टक्कल पडत नाही. आनुवंशिक टक्कल वर्षांच्या हिशेबाने सरकतं, इतकं सावकाश की रोज आरसा बघणाऱ्याला ते दिसत नाही. चाई पडते ती अचानक. कालपर्यंत काही नव्हतं आणि आज नाण्याएवढी गुळगुळीत जागा. आणि केस मूठमूठ गळून काही दिवसांतच डोकं उघडं पडलं, तर कारण केसाच्या वाढत्या मुळावर थेट आघात करणारं असतं, बहुधा औषध किंवा विष.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात हेच झालं. काही गावांमध्ये लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. सुरुवातीला बुरशीचा संशय आला, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी स्वतः तिथे जाऊन तपास केला आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तीन-चार दिवसांत टक्कल, हा वेग बघूनच त्वचेचे डॉक्टर सावध होतात, कारण नेहमीची गळती अशी वागत नाही. अशा वेळी घरातल्या आणि शेजारच्या किती जणांना हाच त्रास आहे ते मोजा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा. आणखी एक. सेलेनियम शरीराला थोडंसंच लागतं आणि जास्त झालं की तेच केस गाळतं. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच. केसांसाठी म्हणून दोन-तीन प्रकारच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी मागची बारीक अक्षरं वाचावीत.

मोरीच्या जाळीवर काय अडकलंय ते बघा

गळालेला केस फेकून देऊ नका, तो बरंच काही सांगतो. पाच दिवस केस धुऊ नका. सहाव्या दिवशी मोरीच्या जाळीवर पातळ सुती कापड टाकून नहा आणि अडकलेले केस पांढऱ्या कागदावर वाळवा. मग त्यांचे दोन ढीग करा, तीन सेंटिमीटरपेक्षा आखूड केसांचा एक आणि बाकीच्यांचा एक. ही तपासणी केस लांब असतील तरच उपयोगाची. मुळात बारीक कापलेल्या केसांवर ती करता येत नाही.

सगळे केस लांब, एकसारखे जाड, आणि ढीग मोठा असेल तर ती ताप-बाळंतपणानंतरची गळती असण्याचा संभव जास्त. ढिगात आखूड आणि अगदी बारीक केस बरेच दिसले, तर आनुवंशिक टक्कल सुरू झालंय असं समजा, मग एकूण गळणारे केस कमी का असेनात. बायकांमध्ये दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं. तापाने गळती सुरू होते आणि आधीपासून लपून असलेलं विरळपण उघडं पडतं.

केसाच्या टोकाला छोटा पांढरा ठिपका दिसतो, तो बघून माणसं हबकतात. ‘मुळासकट येतायत मॅडम, आता परत कसे येणार?’ हा प्रश्न मी रोज ऐकते. ते मूळ नव्हे. विश्रांतीला गेलेल्या केसाचं ते खालचं बोथट टोक असतं. केस तयार करणारं मूळ कातडीच्या आत शाबूत आहे, आणि बहुतेक वेळा त्यात नवा केस आधीच सुरू झालेला असतो. पांढरा ठिपका दिसला तर घाबरू नका.

हात आवरून थांबायचं ते इथे

तापानंतरची आणि बाळंतपणानंतरची गळती आपली आपण थांबते. सुरू झाल्यापासून तीन ते सहा महिन्यांत ती ओसरते. बाळंतिणीचे केस बाळ दोन-चार महिन्यांचं झालं की गळायला लागतात आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे पूर्ववत होतात. गरोदरपणात हार्मोन्समुळे जे केस गळायचे राहिले होते, ते सगळे मिळून जातात, एवढंच. आमच्याकडच्या आज्या म्हणतात, ‘बाळ ओळखायला लागलं की आईचे केस जातात.’ महिन्याचा अंदाज त्यांनी अचूक बांधलेला आहे.

या काळात खिसा सगळ्यात जास्त रिकामा होतो. गळती ऐन भरात असते, माणूस घाबरलेलं असतं, समोर येईल ते तेल आणि सीरम घेतलं जातं. दोन-अडीच महिन्यांत गळती थांबते, ती थांबणारच होती, पण श्रेय त्या बाटलीला मिळतं आणि मग ती बाटली गावभर सुचवली जाते. कांद्याचा रस, माका, जास्वंद यांची कीर्ती बरीचशी अशीच वाढलेली आहे. आवडत असेल तर तेल लावा, डोक्याला बरं वाटतं. मात्र त्यावर भिस्त ठेवून खालच्या गोष्टी टाळू नका.

थांबायचं याचा अर्थ काहीच बघायचं नाही असा नाही. जेवणात डाळ, उसळ, अंडं, दूध यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. पाळीत रक्तस्राव जास्त असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, हे मी बायकांमध्ये सतत बघते. थायरॉइडची टीएसएच तपासणीही करा. या तपासण्यांआधी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगा आणि काही दिवस बंद ठेवा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. सहा महिने उलटले आणि गळती तशीच आहे, तर मात्र आणखी थांबू नका.

आठ दिवसांत डॉक्टर गाठायचा ते इथे

डोक्याला खाज, आग किंवा दुखरेपणा असेल आणि त्याच जागी केस विरळ होत असतील, तर हा विभाग दोनदा वाचा.

पाटणकडच्या एक काकू माझ्याकडे आल्या तेव्हा टाळूवर बोटभर रुंदीच्या दोन जागा रिकाम्या होत्या. केस फार गळत नव्हते म्हणून त्यांनी दोन वर्षं कोंड्याचा शाम्पू वापरला होता. कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली धरलं तर चट्ट्याच्या कडेच्या प्रत्येक केसाच्या बुंध्याभोवती पांढरट खपलीचं कडं, त्याच्या बाजूला लालसर-जांभळट झाक, आणि चट्ट्याच्या मध्यभागी कातडी हस्तिदंतासारखी गुळगुळीत, चकचकीत. साध्या डोक्यावर केस गळाला तरी कातडीवर बारीक छिद्रं दिसतात. त्यांच्या चट्ट्यात एकही छिद्र नव्हतं. छिद्र बुजलं म्हणजे आतलं मूळ संपलं आणि तिथे व्रण तयार झाला. कातडीचा चार मिलिमीटरचा तुकडा तपासायला पाठवला, लायकेन प्लॅनोपायलॅरिस हा केसांची मुळं कायमची संपवणारा आजार निघाला. औषधांनी खाज थांबली, चट्टे पसरायचे थांबले. गेलेल्या जागी केस आले नाहीत, येणारही नव्हते. पहिल्या खाजेच्या वेळी त्या आल्या असत्या तर त्या दोन जागा आज भरलेल्या असत्या, याची मला अजून हळहळ वाटते.

व्रण सोडून जाणारे असे आजार बरेच आहेत. डिस्कॉइड ल्यूपसमध्ये रंग उडालेले, खपलीचे चट्टे पडतात. पाळी थांबण्याच्या वयातल्या काही बायकांचं कपाळ मागे सरकतं आणि त्याच सुमारास भुवया विरळ होतात. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. भुवया आणि कपाळ एकत्र जात असतील तर दाखवून घ्या. इथे प्रत्येक महिना मोलाचा आहे, कारण औषध फक्त उरलेली मुळं वाचवतं.

लहान मुलांच्या डोक्यात केस तुटलेले, खपली धरलेले चट्टे दिसले तर ते बहुधा बुरशीचं, म्हणजे डोक्यातलं गजकर्ण. यावर नुसतं मलम चालत नाही. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, म्हणून पोटातून औषध द्यावं लागतं, तेही काही आठवडे. दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज कमी होते आणि बुरशी आत फोफावते. कधीकधी चट्ट्याला लिबलिबीत, पू झिरपणारी सूज येते. ती गळू समजून कापून आणलेली मुलं मी पाहिली आहेत. ती कापायची नसते. वेळेवर पोटातून औषध मिळालं तर केस परत येतात, रेंगाळलं तर तिथे कायमचा वण राहू शकतो. घरातल्या इतर मुलांची डोकीही दाखवा, आणि कंगवे, टोप्या वेगळ्या ठेवा.

चाईचं थोडं वेगळं आहे. ‘किडा केस खातो’ ही समजूत आमच्या भागात घट्ट आहे आणि त्यावर लसूण नाहीतर रानातली जहाल मुळी घासली जाते. किडा-बिडा काही नसतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसाच्या मुळावर हल्ला करते. मूळ मरत नाही, म्हणून एखाददुसऱ्या चट्ट्यात वर्षभरात केस आपोआप परत येणं नेहमीचं आहे. लसणाने कातडी भाजली तर मात्र त्या जागी नवी कटकट सुरू होते. पंधरा दिवसांत चट्टा वाढला, नवे दिसले, भुवया किंवा दाढीत आली, किंवा मूल लहान असेल, तर लगेच या. चट्ट्यात चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दिलेली इंजेक्शनं चांगली काम करतात. डोक्यावरचे बहुतेक सगळे केस गेलेल्यांसाठी आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. अमेरिकेत जून २०२२ मध्ये तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्या गोळ्यांचाही उपयोग वर्षानुवर्षं जुन्या चाईपेक्षा अलीकडच्या चाईत चांगला होतो.

केमोथेरपी ठरली असेल तर वेळेचं गणित तासांवर येतं. केस पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. डोकं थंड ठेवणारी टोपी काही रुग्णालयांत मिळते, पण ती औषध चढवण्याच्या साधारण अर्धा तास आधी घालावी लागते आणि औषध संपल्यावरही बराच वेळ ठेवावी लागते. केस गळायला लागल्यावर तिची चौकशी करून उपयोग नाही. पहिल्या डोसाच्या आधीच्या भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, सगळ्या केमोला ती चालत नाही. केमो संपल्यावर बहुतेकांचे केस तीन ते सहा महिन्यांत परत दिसू लागतात.

याच वर्षी सुरू करायचं ते टक्कल

आता सगळ्यात मोठी गर्दी, पुरुषांचं टक्कल आणि बायकांचा रुंदावणारा भांग. इथे घाई आठवड्याची नसते, पण वर्षं घालवली तर पुढे हाताशी फार काही उरत नाही.

यात केस नुसते गळत नाहीत, बारीक होत जातात. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी हे हार्मोन पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना आकसवतं. उसाचा मळा बघितलेल्यांना सांगायला सोपं आहे. लागणीचा ऊस जाड, खोडवा त्याहून बारीक, निडवा आणखी बारीक. केसाचं प्रत्येक नवं पीक असंच आधीच्यापेक्षा बारीक आणि अल्पायुषी येतं, आणि शेवटी नुसती लव उरते. औषधं बारीक होत चाललेल्या केसाला पुन्हा जाड करू शकतात. वर्षानुवर्षं लव होऊन बसलेल्या जागी ती फारसं काही करू शकत नाहीत.

अडचण अशी की घनता जवळपास निम्म्यावर येईपर्यंत डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून घरी बघायची दुसरी गोष्ट. डोक्याच्या मागच्या, मानेजवळच्या भागातला एक केस आणि टाळूवरचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत, त्यामुळे ते तुमचं खरं माप. टाळूवरचा केस उघड बारीक असेल, वडील-मामा-आजोबांकडे टक्कल असेल, तर वय एकोणीस असो की पस्तीस, सुरुवात झालेली आहे. मुलगा काळजीने सांगतो आणि घरचे ‘मोबाईल कमी बघ’ म्हणून विषय संपवतात, तेव्हा मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने सगळ्यात आधी ओळखलेलं असतं. मुलींमध्ये भांग रुंदावतोय, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर केस आणि मुरुमं आहेत, असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी हवी.

औषधं मोजकीच आहेत आणि जुनी आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून लोशन बनवलं गेलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी ते मान्य झालं. फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये आली, ती डीएचटी कमी करते. मिनॉक्सिडिल केसांना लावायचं नसतं, कोरड्या कातडीला लावायचं. पाच टक्क्यांचं द्रावण पुरुषांनी दिवसातून दोनदा एक-एक मिली. बायकांना किती आणि कोणतं ते डॉक्टर ठरवतील. लावल्यावर किमान चार तास डोकं धुऊ नका, झोपण्याआधी दोन तास लावा म्हणजे उशीला लागून चेहऱ्यावर लव वाढणार नाही, आणि हात धुवा. घरात मांजर असेल तर फार सांभाळा, मिनॉक्सिडिल मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आता यातली खरी वेळ. सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. विश्रांतीला बसलेले केस नव्या केसांनी ढकलले जातात म्हणून असं होतं. पुष्कळ लोकांचं औषध इथेच सुटतं. चौथ्या महिन्यापर्यंत आरशात काही शोधू नका. सहाव्या महिन्यात गळती थांबलेली कळते, वर्ष झाल्यावर निकाल ठरवायचा. केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, त्याला घाई लावता येत नाही. आणि औषध बंद केलं की मिळवलेलं तीन ते सहा महिन्यांत जातं. हे पहिल्या दिवशी सांगितलेलं बरं, म्हणून मी सांगते. ज्याला इतका काळ चालवायचं नाही त्याने सुरू न करणं हाही पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे.

फिनास्टेराइड स्वतःच्या मनाने घेऊ नका. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन खिन्न होणं असे त्रास होतात, ते सुरू झाले तर त्याच आठवड्यात डॉक्टरशी बोला. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी घेतो हे सांगायचं, कारण तिने तो आकडा निम्म्यावर येतो. गरोदर बाईने किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईने ही गोळी घेऊ नये, फुटलेली गोळी हाताळूही नये. मिनॉक्सिडिलही गरोदरपणात आणि दूध पाजताना टाळायचं.

घट्ट वेण्यांमुळे जाणारे केसही याच वेळेच्या गणितात बसतात. कानशिलांवरचे, कपाळाच्या कडेचे केस तुटून बारीक झालर दिसते. शाळेत रोज ओढून घातलेल्या दोन वेण्या, कामावरचा करकचून अंबाडा, एक्स्टेन्शन. पहिल्या काही महिन्यांत वेणी सैल केली की केस भरतात. पाच-दहा वर्षं ओढल्यावर ती जागा कायमची उघडी राहते. मुलीच्या वेणीने रात्री डोकं दुखत असेल तर उद्यापासून ती सैल घाला.

लग्न ठरलंय?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात आणि दोन महिन्यांवर लग्न आलेले तरुण येतात. ‘मॅडम, तेवढ्यात जरा दाट करा.’ दोन महिन्यांत मिनॉक्सिडिल सुरू केलं तर सुरुवातीची वाढलेली गळती नेमकी हळदीच्या आठवड्यात येईल. मी त्यांना लग्न होऊ देते, चांगल्या सलूनमध्ये कट करून घ्यायला सांगते, विरळ जागा झाकणारी पावडर दाखवते, आणि औषध नंतर सुरू करते. ज्यांच्या घरात अजून मुली बघायलाही सुरुवात नाही, त्यांची वेळ आज आहे. नवऱ्यामुलीने लग्नाआधी कडक डाएट केलं तर केस गळायचे ते लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात, नव्या घरात. वजन सावकाश उतरवा.

केस लावून घेण्याच्या ऑपरेशनची वेळही ठरलेली आहे. विशीत टक्कल झपाट्याने सरकत असताना पुढची रेघ भरून घेतली, तर मागचे मूळचे केस पुढच्या वर्षांत जातात आणि पुढे एक बेट उरतं. मागच्या भागातले केस मर्यादित असतात, ते एकदा संपले की संपले. म्हणून साधारण पंचविशीच्या आत मी कुणाला पाठवत नाही. आधी वर्षभर औषध, टक्कल थिरावलं का ते बघायचं, मग ऑपरेशन, आणि नंतरही औषध चालू. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, त्याला घाबरू नका. तीन-चार महिन्यांनी ते उगवायला लागतात आणि खरं रूप वर्षाने दिसतं. ही शस्त्रक्रिया आहे. कोण डॉक्टर करणार, त्याची नोंदणी काय आणि भूल कोण देणार, हे आगाऊ पैसे भरण्याआधी विचारा. टेक्निशियनच सगळं करणार असेल तर उठून या.

पीआरपीबद्दल, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचण्याबद्दल, सगळे विचारतात. काहींना उपयोग होतो, पण तो औषधांना जोड म्हणून. मूळ उपचार टाळून नुसतं पीआरपी घेणं मला पटत नाही.

तपासणीला येताना

आदल्या दिवशी केस धुऊ नका आणि तेलही लावू नका. धुतल्यावर सुटे केस निघून जातात, मग आम्ही पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढून बघतो ती तपासणी फसवते, आणि तेलाखाली कातडीवरची खपली दिसत नाही. केस रंगवायचे असतील तर भेटीनंतर रंगवा. भांगेत कुंकू भरत असाल तर त्या दिवशी पुसून या.

फोनमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो शोधा, विशेषतः वाकून आरती करतानाचे किंवा मागून काढलेले, ज्यात टाळू आणि भांग दिसतो. तिथून पुढे दर महिन्याला एक फोटो काढा. त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, कोरडे केस, मधोमध भांग, डोकं तितकंच वाकवून. रोज काढू नका, रोजच्या फोटोत फरक दिसत नाही आणि मन उगाच खट्टू होतं. मागच्या सहा महिन्यांतल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ततपासण्या, आणि कॅलेंडरवर खूण केलेली ती तारीख बरोबर आणा. पहिल्या भेटीत डॉक्टरने नुसत्या तपासण्या लिहून दिल्या किंवा दोन महिने थांबायला सांगितलं, तर रागावून दुसरीकडे जाऊ नका. मात्र खोलीबाहेर पडण्याआधी पुढच्या भेटीची तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला केस कसेही दिसत असले तरी या.